चढता क्रम, खिडकीपासून दारापर्यंत

भिंत आपण एकट्यानेच रंगवून टाकावी, असं क्रमवाररावांच्या मनात आलं तेव्हा सकाळचे नऊ वाजायला दहा मिनिटं होती. आणखी अर्धा तास ते लोळत पडले असते, तर विचार आला तसा निघूनही गेला असता. पण सुट्टीच्या दिवशीसुद्धा वेळेवर उठायची त्यांना वाईट खोड होती.

‘क्रमवारराव’ हे नाव त्यांना कचेरीत पडलेलं. बावीस वर्षं ते तिथल्या रेकॉर्ड रूममध्ये फायली लावत होते, आणि त्यांचा एकच मंत्र होता : आधी प्रकार, मग क्रम. जमिनीच्या फायली एका मांडणीवर, तक्रारींच्या दुसऱ्या, पेन्शनच्या तिसऱ्या. मग प्रत्येक मांडणीत आकड्याप्रमाणे. या मंत्रावर त्यांचा इतका विश्वास, की एकदा त्यांनी स्वयंपाकघरही लावायला घेतलं होतं. (साखर आणि मीठ दोन्ही ‘पांढरे पदार्थ’ या एकाच खणात गेले. त्या संध्याकाळी आलेले पाहुणे पुन्हा आले नाहीत.)

त्यांची बायको रंगांच्या दुकानात रंग मिसळण्याच्या काउंटरवर होती. अकरा वर्षं ती तिथे उभी होती. आता दुकानाची दुसरी शाखा निघत होती, आणि तिथला सगळा काउंटर कोणाच्या हाती द्यायचा हे मालकीणबाईंना ठरवायचं होतं. उमेदवार दोन : क्रमवाररावांची बायको आणि मालकीणबाईंचा भाचा. बाई बोलायला सरळ. त्या म्हणाल्या, “दोघंही आपापल्या घरची एकेक भिंत करून दाखवा. एकच निळा रंग, सात छटा, फिक्यापासून गडदपर्यंत. शनिवारी संध्याकाळी सहाला येईन.”

आज तोच शनिवार होता.

बायकोने आदल्या रात्री बैठकीची भिंत खरवडून, पांढरा हात देऊन, चिकटपट्ट्या लावून सात उभे पट्टे आखून ठेवले होते. सात डबे मिसळून आणले होते. पांढऱ्यात निळा किती, हे प्रत्येकाच्या झाकणावर लिहिलेलं. फक्त लिहिणारे तीन होते. तीन डबे दुकानातल्या जुन्या वस्तादांनी हाताने मिसळले होते. ते खडूने अपूर्णांक लिहीत. दोन डबे मशीनमधून आले. मशीन दशांशाची चिठ्ठी चिकटवी. उरलेले दोन बायकोने कंपनीच्या तक्त्यावरून केले; तो तक्ता टक्क्यांत. सगळं पुन्हा एकसारखं लिहायला तिला वेळ झाला नव्हता. आणि वाचणार तीच, तेव्हा गरजही वाटली नव्हती.

“मी तीनपर्यंत येते,” निघताना ती म्हणाली. “मग आपण दोघं रंगवू. तुम्ही तेवढं सामान भिंतीपासून सरकवून ठेवा. बाकी कशाला हात लावू नका.”

“अगं, पण—”

“अहो, नका लावू.”

सामान पाच मिनिटांत सरकलं. मग क्रमवारराव कमरेवर हात ठेवून रिकाम्या भिंतीसमोर उभे राहिले. ती बिचारी दिवसभर दुकानात उभी राहणार, दमून येणार आणि मग रंगवायला घेणार. त्यापेक्षा दार उघडताच समोर तयार भिंत दिसली तर? तिचा चेहरा कसा होईल, याचं चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. (चेहरा पुढे झालाच. चित्रातल्यासारखा नाही, एवढंच.)

“आई, मी भिंत रंगवतोय,” त्यांनी जाहीर केलं.

कोपऱ्यातल्या खुर्चीत त्यांच्या सासूबाई विणत बसल्या होत्या. महिनाभरासाठी लेकीकडे आलेल्या. तीस वर्षं त्यांनी शिवणाचा क्लास चालवला होता. त्यांनी चष्म्यावरून जावयाकडे पाहिलं, मग डब्यांकडे पाहिलं.

“ती येईपर्यंत थांबलात तर?” त्या हळूच म्हणाल्या.

“सरप्राइज आहे, आई.”

सासूबाईंनी सुया पुन्हा चालू केल्या.

क्रमवाररावांनी झाकणं वाचली. ३/४, ०.६, ५%, १/८, ५०%, ०.२५, ३/८. दुसरा कोणी गोंधळला असता. क्रमवाररावांना उलट घरी आल्यासारखं वाटलं. आधी प्रकार! दशांशाचे डबे एकीकडे, अपूर्णांकांचे दुसरीकडे, टक्क्यांचे तिसरीकडे. आता मग क्रम. दशांश म्हणजे शून्याच्या घरातले, सगळ्यांत हलके, ते खिडकीशी. त्यातही सहा लहान, पंचवीस मोठे. मग अपूर्णांक : एक छेद आठ पहिला, मग तीन छेद चार, मग तीन छेद आठ, कारण चारापेक्षा आठ मोठे. शेवटी टक्के. त्यात शून्यही नाही आणि छेदही नाही, चांगले सणसणीत पूर्ण आकडे. आधी पाच, मग पन्नास. पन्नास दाराशी.

सगळा निकाल चार मिनिटांत लागला. एवढ्याशा कामाला बायको अकरा वर्षं काय शिकत होती, असंही क्षणभर त्यांच्या मनात येऊन गेलं.

डबे ओळीने मांडताना सासूबाई पुन्हा बोलल्या. “जावईबापू, तीन छेद चार म्हणजे पाऊण ना हो?”

“हो.”

“पाऊण तर पुष्कळ झालं.”

“आई, ते कापडातलं,” क्रमवारराव समजुतीच्या सुरात म्हणाले. “हे रंगातलं गणित आहे.”

खिडकीशी पहिला पट्टा ओढला आणि त्यांना जरा चमकल्यासारखं झालं. चांगला भरभक्कम निळा होता. सात छटांतली सर्वांत फिकी हीच असेल, तर दाराशी काय काळोख होणार! पण झाकणावर शून्यच होतं. त्यांनी पट्टा पूर्ण केला. दुसरा पट्टा फिका निघाला. तिसरा त्याहून फिका.

“उतरतंय का हो ते?” मागून आवाज आला.

“ओला रंग फिकाच दिसतो, आई. वाळला की गडद होतो.” रंगाबद्दल बायकोकडून कानावर पडलेली एवढी एकच गोष्ट त्यांना माहीत होती, आणि तिचा त्यांनी त्या दिवशी अंत पाहिला.

चौथ्या डब्यातून जवळजवळ शाई निघाली तेव्हा त्यांना हायसं वाटलं. आला बुवा एकदाचा चढता क्रम! पाचव्याने पुन्हा खाली आपटलं. सहावा ओढून झाला तरी कोरी भिंत कुठली आणि रंग कुठला, ते कळेना.

तेवढ्यात फोन वाजला. एका हातात ठिबकता रोलर, दुसऱ्यात फोन.

“डबे उन्हात नाहीत ना?” बायको दुकानातून विचारत होती. मागे मशीनची घरघर.

“छे! अगदी क्रमाने लावलेत.”

“क्रमाने कशाला? अहो, तुम्ही हात लावलात का?”

“नाही, म्हणजे… सरकवताना लागला असेल.”

“आज काही करू नका. अकरा वर्षांनी आलीय ही वेळ. मी पाया पडते तुमच्या.”

फोन ठेवल्यावर क्रमवारराव तसेच उभे राहिले. रोलरमधला निळा थेंब थेंब त्यांच्या अंगठ्यावर पडत होता. थांबावं का? पण सहा पट्टे झाले होते, आता एका पट्ट्यासाठी थांबून काय मिळणार? त्यांनी सातवाही ओढला आणि खुर्ची घेऊन भिंत वाळायची वाट बघत बसले.

दीड वाजता भिंत वाळली. गडद झाली, यात शंकाच नाही. ज्याचा तो पट्टा आपापल्या जागी गडद झाला. आणि संपूर्ण भिंत, कोणीतरी ठोसा मारून निम्मे दात पाडावेत आणि उरलेले किडलेले ठेवावेत, तशी त्यांच्याकडे बघून हसायला लागली.

“आई,” ते म्हणाले, “पाऊण म्हणजे नक्की किती?”

सासूबाईंनी विणकाम बाजूला ठेवलं. हातरुमाल काढून त्याची चार घड्यांची पट्टी केली. “हे बघा. चारातले तीन.” तीन भाग बोटाने दाखवले. मग तोच रुमाल आणखी एकदा दुमडून त्याचे आठ केले. “आता आठातले तीन. कुठले मोठे?”

क्रमवारराव रुमालाकडे बघत राहिले. आठचे तुकडे केवढेसे होते!

“आणि शून्य दशांश सहा?”

“दहातले सहा. अर्ध्याच्या वर. आणि शून्य दशांश पंचवीस म्हणजे शंभरातले पंचवीस. पावच की.”

“आणि पाच टक्के?” हा प्रश्न त्यांनी जवळजवळ मनातल्या मनातच विचारला.

“शंभरातले पाच. चिमूटभर.”

क्रमवाररावांची पाचावर धारण बसली. “तुम्ही आधी का नाही बोललात?”

“दोनदा बोलले की. आणखी बोलायची सोय नाही. जावयाच्या कामात तोंड घालायचं नाही, असं लेकीने पहिल्याच दिवशी बजावलंय.”

भिंतीवरच्या घड्याळात दोनला वीस कमी होते. मनुष्य अशा वेळी दोनपैकी एक गोष्ट करतो : गप्प बसतो किंवा आणखी बिघडवतो. क्रमवारराव गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. खिडकीशी सगळ्यांत फिका हवा ना? मग त्या गडद पट्ट्यावर पाच टक्क्यांचा हात द्यावा! त्यांनी दिला. खालचा निळा वर आला. म्हणून दुसरा दिला. डबा संपला. मग कोपऱ्यात ठेवलेला पांढरा डबा उघडला आणि तोही त्या एकाच पट्ट्यावर रिकामा केला. पट्टा आता फिका नव्हता की गडद नव्हता.

“मुका मार बसल्यासारखा दिसतोय,” सासूबाई म्हणाल्या. मग त्यांना आपल्याला घातलेली बंदी आठवली आणि त्या गप्प झाल्या.

कुलपात किल्ली फिरली तेव्हा तीन वाजायला अजून वीस मिनिटं होती. फोनवरच्या बोलण्यानंतर बायकोला दुकानात चैन पडलं नव्हतं.

ती दारात उभी राहिली. खांद्यावरची पिशवी काढायची तिला शुद्ध नव्हती. तिने खिडकीपासून दारापर्यंत भिंत वाचली, मग दारापासून खिडकीपर्यंत. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. क्रमवाररावांनी ओरडण्याची तयारी ठेवली होती. या शांततेची नव्हती.

“सरप्राइज,” ते म्हणाले.

“सातपैकी सात,” ती शेवटी म्हणाली. आवाज अगदी खाली. “अहो, डोळे मिटून लावले असते तरी एखादा बरोबर आला असता. एकही पट्टा जागेवर नाही. कसं जमलं तुम्हाला?”

“आधी प्रकार, मग—”

“नको. सांगू नका.”

तिने पिशवी टाकली, पदर खोचला आणि खडू घेऊन डब्यांपाशी बसली. भराभर झाकणांवर लिहीत गेली. १/८ च्या खाली साडेबारा टक्के. ०.२५ खाली पंचवीस. ३/८ खाली साडेसदतीस. ०.६ खाली साठ, ३/४ खाली पंचाहत्तर. ५ आणि ५० होतेच. मिनिटभरात सात डबे मुलं उंचीप्रमाणे उभी करावीत तसे ओळीत उभे राहिले. क्रमवाररावांनी ते बघितलं आणि त्यांना बावीस वर्षांत प्रथमच दुसऱ्या कोणाच्या तरी क्रमाचा हेवा वाटला.

“फिक्यावर गडद चढतो,” ती भिंतीकडे बघत स्वतःशीच बोलत होती. “दाराकडचे तीन आणि खिडकीपासूनचा तिसरा, हे चार होतील. रंगही उरलाय. उरले तीन. ते गडदचे फिके करायचेत. त्यांना आधी पांढरा हवा.” तिने मान वळवली. “पांढरा कुठाय?”

सासूबाईंनी नजर विणकामात घातली. क्रमवाररावांनी खिडकीजवळच्या मुका मार बसलेल्या पट्ट्याकडे बोट दाखवलं.

“सगळा?”

“सगळा.”

ती खाली जमिनीवर बसली. तोंडावर हात धरून बसली. ती रडते आहे की काय, हे क्रमवाररावांना कळेना, आणि जवळ जायचा धीरही होईना. लग्नाला सतरा वर्षं झाली होती. तिला असं बसलेलं त्यांनी एकदाच पाहिलं होतं, तिचे वडील गेले तेव्हा.

“मी दुकानात जाऊन आणतो,” ते म्हणाले.

“जाऊन येऊन दोन तास. वर वाळायला दोन.” ती उठली. डोळे कोरडे होते. “राहू दे. चार तर चार. तुम्ही शिडी धरा. आणि मी सांगेन तोच डबा द्या. तोंडाने टक्के बोलायचे आणि मग द्यायचा.”

पुढचे दोन तास त्या घरात आकड्यांशिवाय शब्द नव्हता. “पन्नास!” “पन्नास टक्के, घे.” “साठ!” “साठ टक्के.” एकदा त्यांनी पंचवीसऐवजी पंचाहत्तर उचलला; बायकोने ब्रश बुडवायच्या आधी झाकण वाचलं म्हणून निभावलं. तिच्या कपाळावर निळा ओघळ आला होता, तो पुसायला तिला सवड नव्हती. सासूबाई ओले पट्टे वाळावेत म्हणून जुन्या वर्तमानपत्राने वारा घालत होत्या.

चौथा पट्टा पुरा झाला आणि घंटी वाजली. पाच वाजले होते.

“एक तास आधी?” बायकोच्या हातातला ब्रश शिडीवरून खाली पडला.

मालकीणबाई आत आल्या. ठेंगण्या, पायात साध्या चपला, हातात काही नाही. “भाच्याची भिंत लवकर आटपली,” एवढंच म्हणून त्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. सातपैकी चार पट्टे पायऱ्यांसारखे चढत होते, ओले आणि चकाकते. खिडकीशी मुका मार होता, दुसरा पट्टा हवा त्याहून जरा गडद होता, आणि मधोमध तो शाईसारखा चौथा, सुरेख पंगतीत कोणी नको असलेलं माणूस येऊन बसावं तसा.

बायकोने तोंड उघडलं, पण ते तिच्या आधी बोलले.

“बाई, हे मी केलंय. हिने हात लावू नका म्हणून बजावलं होतं. ही दुकानात होती. बिघडलेलं सगळं माझं आहे. नीट दिसतंय तेवढं हिचं. हिला याच्यावरून तोलू नका.”

मालकीणबाईंनी त्यांना नखशिखान्त पाहिलं. “केलंत कसं?”

आता बायको ‘नको’ म्हणाली नाही. क्रमवाररावांनी सगळं सांगितलं. शून्याचं घर, चारापेक्षा मोठे आठ, सणसणीत पूर्ण आकडे. सांगता सांगता आपलं आपल्यालाच ऐकवेना, तरी सांगितलं. बाई हसल्या नाहीत. वाकून त्यांनी झाकणं हातात घेतली. एकावर वस्तादांचं ३/८, दुसऱ्यावर मशीनचं ०.२५. खालचे खडूचे आकडे त्यांनी अंगठ्याने झाकले आणि छताकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. ओठ हलत होते.

“साडेसदतीस,” अंगठा काढून त्या शेवटी म्हणाल्या. “मला अठ्ठावीस वर्षं झाली या धंद्यात, आणि मलाही थांबावं लागलं.” त्या खुर्चीत बसल्या. “गेल्या दोन महिन्यांत नऊ डबे परत आले. गिऱ्हाईक म्हणे, मागितला तो रंग नव्हे. रंग तोच होता, झाकणावरचा आकडा त्याने चुकीचा वाचला होता. आम्ही गिऱ्हाइकालाच मूर्ख ठरवून परत पाठवलं.”

“सगळ्या झाकणांवर टक्केच लिहू या, असं मी तीनदा म्हटलं होतं,” बायको शिडीजवळून म्हणाली. “तुम्ही म्हणालात, कळतं लोकांना.”

तिचं तिलाच हे बोलणं जास्त झालं असं वाटलं असावं. ती खाली पडलेला ब्रश उचलायला वाकली.

“भाच्याची भिंत सुंदर झालीय,” मालकीणबाई सावकाश म्हणाल्या. “एक रेघ वाकडी नाही. वस्तादांकडून करून घेतलीय ती. वस्तादांचा हात मी ओळखत नाही की काय? बिघडलेल्या भिंतीतले चार पट्टे रांगेला लावणारं माणूस मला हवंय. सोमवारपासून नवा काउंटर तुमचा. पहिलं काम झाकणांचं.”

बायको शिडीच्या पायरीवर बसली. या वेळी मात्र ती खरंच रडली, निळा ओघळ गालावरून हनुवटीपर्यंत आला. सासूबाई उठून तिच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. क्रमवाररावांनी भिंतीला पाठ टेकली. (ओल्या साठ टक्क्यांना.)

चहा झाला, बाई जायला निघाल्या, आणि दारातून वळल्या.

“एक विनंती तुमच्याकडे,” त्या क्रमवाररावांना म्हणाल्या. ते ताठ झाले. आपण धीराने कबुली दिली, त्याचं बाईंना कौतुक वाटलं असणार, असं त्यांना वाटलं. “नवी झाकणं तयार झाली की मी दर शनिवारी इथे पाठवीन. तुम्ही डबे ओळीने लावून दाखवायचे. तुम्हाला बरोबर लावता आले, की ती झाकणं दुकानात ठेवायची. तुम्हाला कळलं म्हणजे मग गावात कोणालाही कळेल.”

क्रमवाररावांनी मान डोलावली. दार लागल्यावर सासूबाईंना एक शंका आली.

“पण समजा, लावून लावून जावईबापूंना सगळं यायला लागलं, तर गं? मग बाईंना दुसरं कोणी शोधावं लागेल.”

बायकोने नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं. तिथे मानेपासून कमरेपर्यंत साठ टक्के निळा पट्टा सरळ उतरला होता आणि भिंतीवर तेवढाच पांढरा पडला होता.

“काळजी करू नकोस, आई,” ती म्हणाली. “त्यांची नोकरी पक्की आहे.”